आधी फोन कुणाला

"चला, आज चोर कोण होणार?"

घरात अलार्म बसवून झाला, सेन्सर भिंतींना लागले, पॅनलचा हिरवा दिवा पेटला, की आमचा भागीदार हॉलच्या मधोमध उभा राहून हात चोळत हा प्रश्न विचारायचा. मालक, मालकीण, पोरंबाळं, आलेगेले पाहुणे सगळे एकमेकांकडे बघायचे. मग कोणीतरी लाजत लाजत पुढं व्हायचं. बहुतेक वेळा घरातली सगळ्यात वयस्कर बाई.

खेळ साधा होता. चोरानं दारातून शिरायचं आणि सेन्सरचा लाल दिवा लागू न देता पॅनलपर्यंत पोहोचायचं. लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये मी कोणाकोणाला रांगताना पाहिलंय हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मुंबईत ज्यांच्यासमोर माणसं बसायला घाबरत असतील असे शेटजी सोफ्यामागून पोटावर सरकत यायचे आणि त्यांची बायको तोंडात रुमाल कोंबून हसत असायची. दिवा लागला की हा ओरडायचा, "पकडला!" आणि घरभर टाळ्या.

पॅनलसोबत जे माहितीपुस्तक येतं त्यात याला नुसती चालून बघायची चाचणी म्हटलंय. पॅनल चाचणीवर टाकायचं, खोलीतून इकडून तिकडं चालायचं, दिवा लागतो का बघायचं, संपलं. मी तशीच करायचो. माझ्या चाचणीला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सगळे त्याला भाई म्हणायचे, मीही म्हणायचो, म्हणून इथंही भाईच म्हणतो. तळेगावातल्या जुन्या मुसलमान घरातला. बोलणं तुमच्याआमच्यासारखं, फक्त चिडला की हिंदीत शिरायचा आणि चिडायचा क्वचितच. आधी तो घरोघर टीव्हीच्या छत्र्या बसवायचा. मी रीतसर इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेला. वायरलेस अलार्मला मागणी यायला लागली तेव्हा दोघांनी मिळून दुकान टाकलं. वाटणी अशी की प्रोग्रॅमिंग माझं आणि फिटिंग त्याचं. म्हणजे एकेका सेन्सरची पॅनलशी ओळख करून द्यायची, दार उघडल्यावर किती वेळानं सायरन वाजायचा ते ठरवायचं, आणि सायरन वाजला की पॅनलनं कुणाकुणाला फोन लावायचा ते नंबर भरायचे, हे सगळं मी. शिडीवर चढून स्क्रू पिळायचे, हे भाई.

आता तुम्हीच सांगा, डोकं कुणाचं? पण गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "भाईंना पाठवा." एकदा तुंगार्लीच्या एका बंगल्यात मी एकटा गेलो, तर मालकीणबाई माझ्या मागं रस्त्यावर बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाई नाही आले? तुम्ही त्यांचे असिस्टंट का?" त्या दिवशी मी त्यांचं काम अगदी चोख केलं आणि चहा न घेता निघालो. त्यांनी विचारलाही नव्हता म्हणा.

आणि माणूस कामाला काटेकोर असता तरी मी समजून घेतलं असतं. छे. सेन्सर तिरका लावायचा. स्क्रू खिशात विसरायचा आणि ते धुण्यात जायचे. चोर-चोरच्या खेळात असा रंगायचा की पॅनल चाचणीवरून परत काढायचंच राहून जायचं. म्हणजे घरात खरा चोर शिरला असता तरी पॅनलनं दिवा लावून गप्प बसायचं ठरवलेलं. मग मी दुसऱ्या दिवशी घाट चढून जायचो, पावसाळ्यात तर धुक्यात गाडीचा दिवा लावून, आणि ते गुपचूप नीट करून यायचो. त्या घरातली माणसं मला विचारायची, भाई कसे आहेत.

मला त्याचा हेवा वाटायचा. आडून आडून कशाला सांगू? पोटात दुखायचं.

त्याच्याबद्दल वाईट सांगायला लागलो की एक प्रसंग आडवा येतो. तोही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकाच बाजूचं बोलतोय.

लोणावळ्याच्या एका मोठ्या बंगल्यावर अलार्म बसवायचा होता. तिथला राखणदार डोंगरावरच्या वाडीतला ठाकर, बंगल्याचा पाया खणला तेव्हापासून तिथं. त्याची बायको झाडलोट करायची. मालक मुंबईला. आम्ही खोकी उघडली तेव्हा राखणदार फणसाखाली आमच्याकडं पाठ करून बसला. बायको म्हणाली, "त्यांना वाटतंय मालकांचा भरवसा न्हाई ऱ्हायला." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण प्रोग्रॅमिंगमध्ये त्यावर काही उपाय नाही.

सगळं लागलं. भाईनं हात चोळले, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतकी वर्षं ज्यानं घर राखलं त्याला चोर व्हा कसं म्हणणार? मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, की चला, आज याची बोलती बंद. पण भाई फणसाखाली गेला, राखणदाराला हाताला धरून आत आणलं, मालकांच्या खुर्चीत बसवलं आणि अलार्म चालू-बंद करायचा रिमोट त्याच्या हातात दिला. म्हणाला, "मालक, आज चोर मी. तुम्ही धरा." आणि खरंच पायजमा वर खोचून खिडकीतून आत उतरला. राखणदार आधी गंभीरपणे बघत होता. भाई टेबलाखालून निघाला, डोकं आपटलं, दिवा लागला, तसा म्हातारा हसायला लागला तो थांबेचना. "आसं हितं बसून धरायचं व्हय? मंग माजं काम हलकंच झालं की."

मालकांनी नंतर फोन करून कौतुक केलं. भाईचं. पॅनलचं प्रोग्रॅमिंग मी केलं होतं.

इथवर ठीक होतं. गिऱ्हाइकं काय, येतात जातात. खरं दुखणं सुरू झालं ते माझ्या आईपासून.

आई आंबीला एकटी राहते. वडील गेले, मी घोरावाडी स्टेशनजवळ फ्लॅट घेतला, पण ती यायला तयार नाही. आंबीत आता चहूकडं कारखाने, भाड्याच्या खोल्या, रोज नवी माणसं. शेजारच्या आळीत भरदिवसा एका घराचं कुलूप तुटलं, तेव्हा मला राहवेना. लोकांच्या बंगल्यांना पहारे बसवत फिरायचं आणि आपल्या आईच्या दाराला नुसती कडी? त्या पौषात मी एका रविवारी एकट्यानं तिच्या घरी अलार्म बसवला. भाईला बोलावलं नाही. पुढच्या दाराला सेन्सर, मागच्या दाराला सेन्सर, फोनच्या यादीत पहिला नंबर माझा. आईला काही दाबायला लागू नये म्हणून मी वेळ लावून दिली. रोज संध्याकाळी सात वाजता पॅनल आपोआप पहाऱ्यावर जायचं आणि पहाटे आपोआप उतरायचं. मला तर ते इतकं सुटसुटीत वाटलं की घरी येऊन मी बायकोला दोनदा सांगितलं.

चूक कुठं झाली ते तुमच्या लगेच लक्षात येईल, माझ्या आलं नाही. आमच्याकडं दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला की मागचं दार लावायचं आणि पुढचं सताड उघडायचं. लक्ष्मी यायची वेळ. घटकाभरानं दार ओढून घ्यायचं. मी त्याच घरात वाढलोय. पण पौषात दिवस लवकर मावळतो, साताच्या आत तिचं सगळं उरकलेलं असायचं. दिवस मोठा होत गेला तशी दिवेलागण पुढं सरकत गेली. मी घड्याळ लावलं होतं आणि आई सूर्य बघत होती. वैशाखातल्या एका संध्याकाळी तिनं दिवा लावला, पुढचं दार उघडलं, आणि सायरन.

सगळी आळी दारात जमली. मी पोहोचलो तेव्हा तिनं प्लग उपसून टाकला होता, पण आतली बॅटरी चालूच, त्यामुळे पॅनल तसंच ओरडत होतं आणि आई कानावर हात ठेवून ओट्यावर बसली होती. मी ते बंद केलं. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "लक्ष्मी यायच्या वक्ताला भोंगा वाजिवतोस व्हय रं? लोकं काय म्हनतील?"

त्यानंतर तिनं पॅनल बंद ठेवलं आणि त्यावर विणलेला रुमाल टाकला, टीव्हीवर टाकतात तसा. मी वेळ बदलून देतो म्हटलं, नको. रिमोट देतो म्हटलं, नको. फ्लॅटवर चल म्हटलं, तर ती उठून भाकऱ्या थापायला लागली. मी दर रविवारी जाऊन भांडायचो आणि फुगून परत यायचो.

मग एका रविवारी गेलो तर रुमाल नव्हता. पॅनलचा दिवा हिरवा होता. रिमोट एका लाल दोऱ्यात ओवून देवळीत ठेवलेला, काडेपेटीशेजारी. दिवा लावायचा, दार उघडायचं, घटकाभरानं दार लावायचं आणि मग बटण दाबायचं, असं तिनं मलाच समजावून सांगितलं, जसं काही मला माहीत नाही. मी विचारलं, हे कोणी केलं? म्हणाली, "त्यो भाई आलता की. लय गुनी लेकरू हाय."

लेकरू! पन्नाशीला टेकलेलं, माझ्यापेक्षा मोठं, टक्कल पडलेलं लेकरू. म्हणे त्यानं तिला चोर केलं होतं. गोठ्याकडून लुगडं सावरत ती कशी आली, मागचं दार हळूच कसं ढकललं, लाल दिव्यानं तिला कसं धरलं, हे सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठंतरी. पण वर जे आलं ते दुसरंच होतं. मला वाटलं, हे माझं होतं. हे तरी त्यानं माझ्यासाठी सोडायला हवं होतं.

पुढं तो अधूनमधून आंबीला जायला लागला. बॅटरी बघायला, म्हणायचा. बॅटरी काय दर आठवड्याला बघायची वस्तू आहे? आई त्याला भाकरी आणि झुणका करून वाढायची. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "बिनआईचं लेकरू हाय, त्याला कोन वाढनार?" त्याची आई तो रांगत असतानाच गेली होती, हे मला इतक्या वर्षांच्या भागीदारीत माहीत नव्हतं. तिला एका जेवणात कळलं.

एका दुपारी मी सुदुंबऱ्याला कामावर होतो. आईच्या पलीकडच्या घरात एक पैलवान राहतो, त्याचा फोन आला. हसत होता. म्हणाला, मावशी बटण दाबून दुकानात गेल्या होत्या, मागच्या दारानं शेळी घुसली, भोंगा वाजला, पण तुमचे भाई काय माणूस आहे, लगेच हजर. मी फोन तपासला. माझ्या फोनवर पॅनलचा कॉलच नव्हता. पॅनल यादीतल्या पहिल्या माणसाला आधी फोन लावतं. त्यानं उचलला तर दुसऱ्याला लावत नाही.

मी काम अर्धं टाकून आंबीला गेलो. दोघं ओट्यावर चहा पीत बसली होती, शेळी बाजूला बांधलेली. मी सरळ आत गेलो, पॅनल उघडलं आणि यादी बघितली. पहिला नंबर भाईचा. दुसरा माझा.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. माझ्या आईच्या पॅनलला हात लावायचा नाही, प्रोग्रॅमिंग माझं काम आहे, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी माझ्या मनानं नाही बदललं, शेट. मावशींनी सांगितलं. का ते त्यांना विचार." मला तो शेट म्हणायचा, चेष्टेनं.

मी विचारलं नाही. काय विचारणार? आई, आधी त्याला का, मला का नाही? या वयात? मी पुढच्या रविवारी गुपचूप माझा नंबर पहिला केला. त्यापुढच्या रविवारी बघतो तर पुन्हा भाईचा. मी पुन्हा बदलला. पुन्हा त्याचा. आमचं हे असं कितीतरी दिवस चाललं, दुकानात एक शब्द न बोलता. एकाच टेबलावर डबे उघडून जेवायचो आणि आंबीला जाऊन एकमेकांचे नंबर खाली ढकलायचो. शेवटी मी सोडून दिलं. मनाशी म्हटलं, तिला तोच हवाय तर तोच. ते दिवस फार कडवट गेले. रस्त्यात कुणी आईची चौकशी केली तरी मला टोमणा वाटायचा.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी भाई गेला. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली, मी रिक्षात घालून नेला, दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून होता आणि मी त्याला सारखा म्हणत होतो, काही नाही, ॲसिडिटी असेल.

मयतीला कब्रस्तानाबाहेर रस्ता भरला होता. लोणावळ्याचे बंगल्यांवरचे माळी, स्वयंपाकी, राखणदार. तो ठाकर म्हातारा बायकोला घेऊन एसटीनं आला होता. मुंबईच्या गाड्यासुद्धा होत्या. मी मूठभर माती टाकली, आणि खोटं कशाला बोलू, हात झटकताना मनात आलं की माझ्या वेळी एवढी माणसं येतील का. त्याही दिवशी माझं पोट दुखायचं राहिलं नाही.

त्याचा चाळिसावा झाल्यावर मी आंबीला गेलो. आईचं पॅनल नीट करायला हवं होतं. सायरन वाजला तर बंद पडलेल्या फोनवर कॉल जाऊन काय उपयोग? आई शेजारी येऊन उभी राहिली. मी यादी उघडली, भाईचा नंबर पुसला आणि म्हणालो, "आता पहिला माझा टाकतो."

"तुझा दुसराच ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पयला त्या पैलवानाचा घाल."

आता मात्र माझा तोल गेला. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, "आई, मी तुझा मुलगा आहे. परक्यांना बोलावशील, मला नाही?"

"मुलगा हायेस म्हनूनच की." ती शांतपणे म्हणाली. "भोंगा वाजला म्हंजी घरात चोर. त्याच्या हातात काय आसंल, काय न्हाई. तू गाडी काढून एकटा पळत येशील, मला काय ठावं न्हाई व्हय? म्हनून मी भाईला म्हनलं, लेका, आधी तू ये. माज्या पोराला मागनं येऊ दे."

मी पॅनलकडं बघत राहिलो. विचारलं, मग तो काय म्हणाला?

"हसला. म्हनला, मावशी, माजी आई आसती तर तिनं तुमच्या पोराचा नंबर पयला घातला आसता."

म्हणजे हा माणूस माझी सगळी बोलणी खात होता, माझे नंबर खाली ढकलत होता, आणि हे पोटात ठेवून माझ्यासमोर डबा उघडत होता. माझ्या आईनं त्याला काय म्हणून पहिला केलंय हे त्याला पक्कं माहीत होतं. मी आयुष्यभर त्याचा हेवा केला आणि हेवा करण्यासारखं होतं ते माझ्याकडं. मी तिथंच भिंतीला टेकून रडलो. आईनं पाठीवर हात ठेवला.

डोळे पुसून मी पैलवानाचा नंबर टाकायला घेतला. त्याला विचारलंस का, असं म्हटलं.

"इचारलं की कालच," आई म्हणाली. "व्हय म्हनला. पन जरा इचार करून म्हनला. भाईनं इचार केला न्हवता."